घाट उतरण्याआधी: युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये पहिली चढाई कशी आखावी

युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा संगणकावर राज्य चालवण्याचा गेम सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला. त्या दिवशी दख्खनच्या नकाशावर बीदरची बहमनी सल्तनत आणि तिच्या दक्षिणेला विजयनगर अशा दोन मोठ्या सत्ता एकमेकींना भिडून उभ्या असतात. मराठी घरातला नवा खेळाडू बहुतेक वेळा बहमनी घेतो, नकाशा मोठा करून आधी आपला किनारा शोधतो आणि पहिल्याच वर्षी सगळी फौज एका ठिकाणी गोळा करून सीमेपलीकडे घुसवतो. दोन-तीन वर्षांत माणूसबळ संपतं, कर्ज चढतं आणि युद्ध ना धड पुढे सरकत ना थांबत. मग तो गेम बंद करतो आणि 'फार अवघड आहे बुवा' म्हणतो.

गेम अवघड आहेच, पण चढाईचा भाग शिकता येण्यासारखा आहे. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते: मोहीम शेवटापासून मागे आखायची. आधी तह, मग वेढा, मग वाट, मग महिना, आणि सगळ्यात शेवटी युद्धाची घोषणा. खाली त्याच क्रमाने सांगतो. गेम पॉज करायला स्पेसबार आहे, त्याचा मनमुराद वापर करा. निम्मी मोहीम पॉजवरच लढली जाते.

तहात काय मागणार?

कागद घ्या आणि त्यावर प्रांतांची नावं लिहा. पहिल्या युद्धात तीन-चार प्रांत पुरे. जास्त लिहू नका, कारण जिंकलेल्या जमिनीचे तीन वेगवेगळे हिशेब चुकवावे लागतात. पहिला वॉर स्कोरचा, म्हणजे युद्धात तुमची किती सरशी झाली याच्या आकड्याचा: तो १०० च्या वर जात नाही आणि प्रत्येक प्रांताला त्यातली किंमत लागते. दुसरा ओव्हरएक्स्टेन्शनचा, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त पसरण्याचा: कोअर न केलेले, म्हणजे राज्यात अजून पुरते मुरवून न घेतलेले, प्रांत फार झाले आणि हा आकडा १०० टक्क्यांच्या वर गेला, की राज्यात बंडाळीचे प्रसंग रांगेने येतात. तिसरा एग्रेसिव्ह एक्स्पान्शनचा, म्हणजे शेजाऱ्यांच्या मनात तुमच्याबद्दल साठत जाणारी धास्ती. एखाद्या सत्तेच्या मनात ती ५० वर गेली आणि तिचं तुमच्याबद्दलचं मतही वाईट असलं, की ती तुमच्याविरुद्धच्या आघाडीत सामील होऊ शकते. चार शेजारी एकदम अंगावर आले तर नवा खेळाडू टिकत नाही.

ही धास्ती सगळ्यांना सारखी वाटत नाही. ज्याचा प्रांत घेतला त्याच्या धर्माच्या, संस्कृतीच्या आणि जवळच्या सत्तांना ती जास्त वाटते. त्यामुळे बहमनी म्हणून खेळताना विजयनगरचा मुलूख घेतला, तर गुजरात आणि माळवा या मुस्लिम सत्ता तेवढ्या बिथरत नाहीत. खानदेश गिळलात तर मात्र बिथरतात. नकाशावर खानदेश लहान आणि सोपा दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

प्रांत ठरले की त्यातल्या निदान एकावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, तयार करा. सीमेला लागलेला प्रांत निवडायचा, तो ज्या सत्तेचा आहे तिच्याकडे वकील पाठवून हेरांचं जाळं उभारायचं. जाळं २० वर पोचलं की क्लेम घडवता येतो. क्लेम असला की युद्धाला कारण मिळतं आणि तो प्रांत युद्धाचं उद्दिष्ट होतो. उद्दिष्ट ताब्यात ठेवलं की वॉर स्कोर दर महिन्याला आपोआप थोडा थोडा चढतो, कमाल २५ पर्यंत. कारणाशिवाय युद्ध पुकारलं तर स्वतःच्याच राज्याचं स्थैर्य ढासळतं. पहिल्या मोहिमेत त्या वाटेला जाऊच नका.

समोर कोण कोण येणार?

युद्ध पुकारण्याच्या खिडकीत शत्रूचा कोणता दोस्त हाकेला धावून येईल आणि कोणता नाही, ते आधीच दिसतं. तुमच्या बाजूने कोण येईल तेही दिसतं. घोषणा न करता ती खिडकी दर काही महिन्यांनी उघडून पाहत जा. शत्रूचा बलाढ्य दोस्त दुसरीकडे युद्धात गुंतला किंवा कर्जात बुडाला, की तुमची वेळ जवळ आली असं समजा. त्याच खिडकीत दोस्तांना को-बेलिजरंट, म्हणजे मुख्य शत्रूच्या बरोबरीचा शत्रू, ठरवायची सोय असते. ती सध्या मोकळी सोडा, नाहीतर त्या दोस्तांचे दोस्तही युद्धात उतरतात.

लष्करी तंत्रज्ञानाचा आकडा नक्की ताडून बघा. शत्रू एक पायरी पुढे असेल तर थांबा. काही पायऱ्यांवर एवढा फरक पडतो की दीडपट फौजही मार खाते. तोफखाना पायरी ७ ला मिळतो; त्याआधीचे वेढे फार रेंगाळतात आणि आखणीत तेवढा वेळ धरावा लागतो.

घरची तयारी

ही थोडक्यात. शांततेच्या काळात पैसे वाचवायला फौजेच्या खर्चाची पट्टी खाली ओढलेली असते. ती युद्धाच्या काही महिने आधी पूर्ण वर न्या, कारण मनोबल महिन्यामहिन्यानेच भरतं. खर्च वाचवायला बंद ठेवलेले सीमेवरचे किल्ले चालू करा. ५० लष्करी गुण खर्चून एक सेनापती नेमा. त्याच्या अंगी चार गुण असतात: फायर (मारा), शॉक (धडक), मनुव्हर (हालचाल) आणि सीज (वेढा). डोंगराळ आणि किल्ल्यांनी भरलेल्या मुलखात शेवटचे दोन गुण जास्त कामाला येतात. फौजेत पायदळ पुढच्या रांगेत पुरेल इतकं, घोडदळ त्याच्या निम्म्याहून कमी, तोफा मागच्या रांगेत. तिजोरीत निदान वर्षभराची तूट निघेल एवढी रक्कम हवी.

वाट, पाऊस आणि महिन्याची पहिली तारीख

माझ्या भाच्याने एकदा लॅपटॉप पुढ्यात ठेवला. 'मामा, माझी फौज चाळीस हजार, त्याची पंचवीस. तरी हरलो कसा?' मी म्हटलं, 'पहिल्या तारखेला कुठे उभा होतास ते दाखव.' सेव्ह मागे नेऊन बघितलं. अख्खी चाळीस हजार फौज एका डोंगराळ प्रांतात वेढा घालून बसली होती आणि त्या प्रांताची सप्लाय लिमिट, म्हणजे तिथे पोसता येणाऱ्या फौजेची मर्यादा, तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. वरून पावसाळा. शत्रूने फक्त वाट पाहिली होती.

अ‍ॅट्रिशन, म्हणजे लढाई न होता होणारी झीज, महिन्याच्या १ तारखेला मोजली जाते. त्या दिवशी फौज जिथे उभी असेल तिथली सप्लाय लिमिट तिला लागू होते. झीज साधारणपणे महिन्याला ५ टक्क्यांवर जात नाही. ऐकायला थोडी वाटते, पण चाळीस हजारांवर ५ टक्के म्हणजे पहिल्याच महिन्यात दोन हजार माणूस. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तलवार न उपसता सात हजारांच्या वर माणूस जातो. शिवाय ही खोट भरायला राखीव माणूसबळातूनच भरती होते, त्यामुळे फौजेचा आकडा ठीक दिसत राहतो आणि खालचा साठा गुपचूप आटतो. नव्या खेळाडूने पहिली नजर कायम राखीव साठ्यावर ठेवावी.

उपाय सरळ आहे. फौजेचे दोन-तीन तुकडे करा आणि शेजारशेजारच्या प्रांतांत, प्रत्येक ठिकाणच्या मर्यादेत बसतील असे ठेवा. लढाई दिसली की एकत्र आणा, शक्यतो महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे पुढची १ तारीख येण्याआधी पुन्हा पांगता येईल. प्रांतावर माउस ठेवला की लिमिट दिसते. घाटमाथ्यावर आणि जंगलात ती कमी, लागवडीच्या सपाट मुलखात जास्त.

आता पावसाचं. गेममध्ये मान्सूनच्या सौम्य, साधारण आणि तीव्र अशा तीन पायऱ्या आहेत आणि आपल्या भागात त्या फौजेला चांगल्याच भोवतात. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवलेल्या, आंबा घाटात कधी दरड येईल याचा नेम नाही. पण हीच माणसं गेममध्ये मात्र जुलैत घाट उतरायला निघतात! तारीख वरच्या कोपऱ्यात कायम दिसत असते. दसऱ्याच्या सुमारास निघायचं आणि पहिला मोठा वेढा मेच्या आत उरकायचा, या बेताने मागे मोजा.

गेमच्या सुरुवातीच्या काळातलंच कोकणातलं खरं उदाहरण आहे, आणि माझ्या मते चढाई आखणं शिकायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. साधारण १४५३ मध्ये बहमनींचा सरदार मलिक-उत्-तुज्जार फौज घेऊन कोकणात उतरला. तिथले सरदार शिर्के यांना त्याने नमवलं. शिर्क्याने त्याला खेळण्यावर, म्हणजे आजच्या विशाळगडावर, नेण्याचं कबूल केलं आणि भर जंगलात घुसवलं. दाट झाडी, अरुंद वाटा, थकलेली आणि विस्कळीत झालेली फौज. रात्री हल्ला झाला आणि सरदारासकट बहुतेक सगळे कापले गेले. मोठी फौज, अनोळखी वाट, पुरवठा नाही, मागे फिरायला जागा नाही.

पुढे १४६९ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गवान त्याच मुलखात उतरला. त्याने घोडदळाचा बराचसा भाग परत पाठवला, कारण घाटात घोड्यांचा उपयोग नव्हता. जंगल तोडत, जाळत वाट मोकळी केली. खेळण्याला वेढा पडला, पण पावसाळा आला तेव्हा तो हट्टाने तिथे बसला नाही. माघार घेऊन कोल्हापुरात छावणी केली, पाऊस काढला, आणि उघडीप मिळाल्यावर पुन्हा उतरला. एकेक गड घेत १४७२ मध्ये त्याने गोवा विजयनगरकडून जिंकून घेतला. म्हणजे मोहीम तीन वर्षं चालली. नव्या खेळाडूला पावसाळ्यात वेढा उठवून मागे येणं म्हणजे हार वाटते. तसं नाही. वेढ्याची प्रगती जाते हे खरं, पण माणूसबळ वाचलं तर पुढच्या हिवाळ्यात तोच किल्ला पुन्हा घेता येतो.

वाट निवडताना आणखी एक गोष्ट बघायची: शत्रूचे किल्ले. किल्ला आपल्या शेजारच्या प्रांतांवरही पहारा ठेवतो. त्याला वळसा घालून थेट आत घुसायला गेलात तर गेम वाट अडवतो आणि आलात तिकडेच परत जायला लावतो. किल्ल्यांचा नकाशा उघडा आणि सीमेपासून तुमच्या कागदावरच्या प्रांतांपर्यंत कोणते किल्ले आडवे येतात त्यांची यादी करा. पहिल्या मोहिमेत दोनपेक्षा जास्त किल्ले आडवे येत असतील तर कागदावरचे प्रांत बदला.

पहिली लढाई

जमीन बघून लढा. लढाईत दोन्ही बाजूंसाठी गेम फासे टाकतो. डोंगरात चढून जाणाऱ्याच्या फाशातून २ वजा होतात. टेकड्या, जंगल, दलदल असेल तर १. नदी ओलांडून गेलात तर आणखी १. जहाजातून थेट किनाऱ्यावर उतरून लढलात तर २. नदीचा तोटा सेनापतीचं मनुव्हर शत्रूपेक्षा जास्त असेल तर टळतो. नव्या आवृत्त्यांत एक बारकावा आहे: शत्रूच्या किल्ल्याला वेढा घालून बसलात आणि सोडवणुकीची फौज आली, तर जमिनीचा तोटा तुम्हालाच होतो, आधी येऊन बसला असलात तरी. म्हणून डोंगरी किल्ल्याला वेढा घालताना मुख्य फौज शेजारच्या सपाट प्रांतात ठेवा आणि येणाऱ्या फौजेला वाटेतच गाठा.

गाठायचं कसं? फौज एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात अर्ध्याहून जास्त सरकली की तिला माघारी वळवता येत नाही. शत्रूची फौज त्या टप्प्यावर गेली की तिच्यावर चाल करा. ती कुठल्या तारखेला पोचणार आणि तुम्ही कधी पोचणार, दोन्ही तारखा माउस ठेवला की दिसतात. तुम्ही आधी पोचलात तर ती तुमच्यावर चालून आल्यासारखी होते आणि जमिनीचा फायदा तुमच्याकडे येतो. चढाईतला सगळ्यात मोठा डाव हाच, आणि तो फक्त तारखा वाचून खेळता येतो.

लढाईत फायर आणि शॉक असे तीन-तीन दिवसांचे टप्पे आलटून पालटून येतात. पहिले १२ दिवस कोणालाच माघार घेता येत नाही. सगळी फौज पहिल्याच दिवशी झोकू नका. पुढच्या रांगेची रुंदी ठरलेली असते. तिच्यात न मावणारे मागे नुसते उभे राहून मनोबल गमावतात. राखीव तुकडी शेजारच्या प्रांतात ठेवा आणि आठवड्याभराने आणा. शत्रूच्या एखाद्या एकट्या तुकडीला दुपटीहून जास्त फौजेने गाठलं आणि या बारा दिवसांत तिचं मनोबल संपलं, तर ती पूर्ण नष्ट होते. युद्धाच्या पहिल्या महिन्यात अशी एक तुकडी सापडली तर पुढचं सगळं हलकं होतं. म्हणून घोषणा करण्याआधी शत्रूच्या फौजा कुठे विखुरल्या आहेत ते पाहा आणि आपली फौज बरोबर समोर आणून ठेवा.

वेढा, आणि पाण्यातला किल्ला

किल्ल्याची पातळी जितकी जास्त, तितका तो चिवट. सुरुवातीचे किल्ले २ पातळीचे, राजधानीच्या किल्ल्याला आणखी १. वेढ्याचा फासा साधारण ३० दिवसांनी पडतो, १ ते १४. त्यात तोफांचे गुण (कमाल ५), सेनापतीचं सीज, तटाला पडलेली खिंडारं मिळवली जातात आणि किल्ल्याची पातळी वजा होते. बेरीज २० झाली की गड खाली येतो. प्रत्येक फेरीगणिक आतलं अन्न, पाणी, शिबंदी खंगत जाते आणि तुमची शक्यता वाढत जाते. फासा १ पडला तर मात्र तुमच्याच छावणीत रोगराई पसरते. खिंडार पडलं म्हणून लगेच एल्गार करू नका. पायदळ अतोनात मरतं. मोहीम अडली असेल आणि घाई खरंच असेल तरच.

वेढ्याला किती माणूस लागतो ते किल्ल्यावर माउस ठेवला की कळतं. तेवढाच ठेवा, सेनापती आणि तोफा त्यांच्याबरोबर. बाकीची फौज शेजारी. बिनकिल्ल्याचे प्रांत एक-एक हजाराच्या तुकड्यांनी भराभर घेता येतात. पण शेजारी शत्रूचा किल्ला अजून उभा असेल तर तुमची तुकडी हलली की तो ते प्रांत परत घेतो. म्हणून आधी किल्ला, मग आजूबाजूचा मुलूख.

किनाऱ्यावरच्या किल्ल्यांचं गणित वेगळं आहे. समुद्राची वाट उघडी असली की फाशातून २ वजा होतात. गेममधला हा आकडा बघितला की मला जंजिरा आठवतो. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याजवळ पद्मदुर्ग उभारला, तो सिद्दीच्या समुद्रातल्या हालचाली रोखायला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला. मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम सोडून तिकडे वळावं लागलं. जंजिरा शेवटपर्यंत सिद्दीकडेच राहिला. त्यातून खेळाडूने दोन गोष्टी घ्याव्यात: पाणी आपलं नसेल तर किनाऱ्यावरचा वेढा धरू नये, आणि वेढा दीर्घ चालणार असेल तर पाठीमागचा शेजारी शांत आहे याची खात्री असावी.

नाकेबंदीसाठी किल्ल्यासमोरच्या सागरी प्रांतात पुरेशी जहाजं उभी करा. गॅली, म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं, स्वस्त मिळतात, पण त्यांना लढाईतला खास फायदा बंदिस्त समुद्रात मिळतो, अरबी समुद्रात नाही. शत्रूचं आरमार मोठं असेल तर नाकेबंदीचा नाद सोडा आणि तो वेढा जास्त काळ चालेल असं धरून तरतूद करा. फौज जहाजातून उतरवायची असेल तर बिनकिल्ल्याच्या, रिकाम्या प्रांतात उतरवा. प्रत्येक वाहतुकीच्या जहाजावर एक पलटण मावते, आणि सोबत लढाऊ जहाजं नसतील तर शत्रूच्या आरमाराशी एकदा गाठ पडली की सगळी फौज समुद्रात बुडते.

मोठा किल्ला एकदम अंगावर घेण्याऐवजी त्याला आधी एकटं पाडायचं, हे चिमाजी अप्पांच्या मोहिमेतून शिकावं. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली, आणि मग १७३९ मध्ये वसई. तीन महिने वेढा, सुरुंग लावून तट उडवले, मेमध्ये पोर्तुगीज शरण आले. पाऊस लागण्याआधी. गेममध्ये याचा अर्थ असा की एवढी मोठी जागा दोन युद्धांत घ्यायला काही हरकत नाही.

थांबायचं कुठे?

कागदावरचे प्रांत ताब्यात आले आणि वॉर स्कोर त्यांच्या किमतीएवढा झाला, की तह करा. 'अजून थोडं' हा मोह होतोच, कारण शत्रू खिळखिळा दिसत असतो. पण प्रत्येक महिन्याला वॉर एग्झॉशन, म्हणजे राज्याला आलेला युद्धाचा थकवा, वाढतो, कर्जाचं व्याज चढतं आणि सीमेपलीकडचा तिसरा कोणीतरी तुमचं घटलेलं माणूसबळ मोजत असतो. शत्रूच्या दोस्ताला वेगळा तह देऊन आधीच बाहेर काढता येतं. त्याच्याकडून जमीन मागू नका, थोडा पैसा घ्या आणि मोकळा करा. त्याची फौज हटली की मुख्य शत्रूविरुद्धचा तुमचा वॉर स्कोर पटकन चढतो.

तहानंतर लगेच कोअर करायला लावा. त्याला प्रशासकीय गुण लागतात, म्हणून ते युद्धाच्या काळात साठवून ठेवलेले असावेत. नव्या प्रांतांत असंतोष किती आहे ते पाहा आणि फौजेचा एक तुकडा तिथेच ठेवा, बंड उठण्याच्या आधीपासून. बाकीच्या फौजेचा खर्च पुन्हा खाली आणा आणि माणूसबळ निदान निम्मं भरेपर्यंत कुठलंही नवं युद्ध घेऊ नका. शेजाऱ्यांच्या मनातली धास्ती वर्षाला साधारण २ ने उतरते, तीही बघत राहा. युद्धबंदी ५ ते १५ वर्षांची असते, तहात जितकं जास्त घ्याल तितकी लांब, आणि ती मोडली तर स्थैर्य कोसळतं. तिची शेवटची तारीख कागदावर लिहा, आणि त्या तारखेच्या दोन वर्षं आधी पुढचा प्रांत ज्याचा आहे त्याच्याकडे वकील पाठवून हेरांचं जाळं सुरू करा.